आवाज कुणी खाल्ला?

घरी बनवलेल्या गिटार पेडलवर पाय पडला की गर्जना व्हायला हवी. तिथे नुसतीच कुजबूज ऐकू आली तर? डोंबिवलीतल्या एका बिल्डिंगमध्ये घडलेली ही डिटेक्टिव्ह स्टोरी. संशयित चार, पुरावे कानाला ऐकू येणारे, आणि डिटेक्टिव्ह... तळमजल्यावरचे काका!

एक गोष्ट सुरुवातीलाच क्लिअर करूया. रॉक गाण्यांत गिटारचा जो फाटका, खरखरीत, अंगावर येणारा आवाज असतो ना, तो मुळात एक बिघाड होता. १९६१ साली मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं आलं. नॅशव्हिलमध्ये त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचं एक चॅनेल बिघडलं आणि ग्रेडी मार्टिन या वादकाचा बेस गिटारचा सोलो भुंग्यासारखा भुणभुणत बाहेर पडला. दुसऱ्या कुणी तो टेक फेकून दिला असता. इथे तो ठेवला गेला आणि लोकांना आवडलासुद्धा! मग रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी याने तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजलं आणि बस्स, जगभरच्या गिटारिस्टना आपला आवाज फाडून हवा झाला.

म्हणजे बघा, फझ पेडल हे बिघाडाचंच बाळ. पण या बाळालाच बिघाड झाला तर? आणि तोही असा की धड बंद पडत नाही आणि धड वाजतही नाही?

मिसळ, पण तर्री वाटीभरच

माझा एक मित्र सोमवार ते शुक्रवार ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टर असतो आणि शनिवार-रविवारी गिटारिस्ट. ऑफिसमधल्या चौघांचा मिळून त्यांचा बँड आहे. ब्रँडेड पेडलला हजारो रुपये मोजावे लागतात. ते मोजण्यापेक्षा हा पठ्ठ्या ती घरीच बनवतो. हल्ली असे बरेच जण आहेत. दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर संध्याकाळी काहीतरी हाताने करावंसं वाटतं. कुणी ब्रेड भाजतं, कुणी मातीची भांडी करतं, कुणी सोल्डरिंग आयर्न तापवतं. अशा हौशी लोकांवर स्टोरी करायची म्हणून मी त्याच्या घरी गेले आणि नेमकी या केसमध्ये सापडले.

त्याने बनवलं होतं 'बिग मफ'. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने १९६०च्या दशकाच्या शेवटी आणलेलं हे पेडल. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरचे लांबच लांब, संपूच नयेत असे वाटणारे सूर आठवतात? त्यामागे बरेचदा हेच असतं. सर्किट इतकं जुनं आणि इतकं सरळ, की जगभरचे हौशी लोक त्याच्या नकला करत आलेत. चार ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, तीन नॉब आणि नऊ व्होल्टची बॅटरी. खेळ खल्लास!

सामान अर्थातच लॅमिंग्टन रोडवरून. त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर कुणालाही 'लॅमिंग्टन' विचारा, बोट बरोबर दिशेला जातं. इथे काउंटरवर गप्पांना वेळ नसतो. पार्टचा नंबर सांगायचा, किती नग ते सांगायचं, पुडी घ्यायची आणि बाजूला व्हायचं. मित्राने ॲल्युमिनियमच्या डब्याला भोकं पाडली, लाल रंग मारला आणि झाकणावर लिहिलं, 'मिसळ'. सस्टेन नॉबच्या खाली 'तर्री', टोनच्या खाली 'लिंबू' आणि व्हॉल्यूमच्या खाली 'रस्सा'. सॉलिड ना?

दिसायला सॉलिडच होतं. प्रॅक्टिस रूममध्ये सोलोची वेळ आली. त्याने झोकात पाय ठेवला आणि गिटार गायब! ड्रम्स चालू, बेस चालू, गायक डोळे विस्फारून बघतोय आणि हा आपला तारा खेचतोय. कान लावला तर कळलं, फझ होता. आवाज फाटत होता, सूरही लांबत होते, पण सगळं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं. रस्सा नॉब शेवटपर्यंत फिरवलेला, तरी पेडल बंद असताना गिटार जास्त मोठी वाजत होती.

पेडल बनवणाऱ्यांच्या भाषेत याला 'व्हॉल्यूम ड्रॉप' म्हणतात आणि हा फार छळवादी आजार आहे. पेडल पूर्ण मेलं तर शोध सोपा असतो. वायर तुटली असेल, बॅटरी उलटी असेल. पण जे 'थोडंसं' चालतं, ते प्रत्येक पार्टवर संशय घ्यायला लावतं. नऊ व्होल्ट पोचताहेत, सिग्नल जातोय, मग आवाज खाल्ला कुणी?

तीन वीकेंड, शून्य सुगावा

माझा मित्र टेस्टर आहे हे मी सांगितलंच. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्याला महिन्याला पगार मिळतो. स्वतःच्या पेडलच्या बाबतीत मात्र त्याने अगदी वेंधळ्यासारखं केलं. दिसेल ते बदलत सुटला. पहिल्या शनिवारी नवी बॅटरी, दुसऱ्या शनिवारी केबल आणि व्हॉल्यूमचा पॉट, तिसऱ्या शनिवारी अर्धा डझन कपॅसिटर. प्रत्येक वेळी चार गोष्टी एकदम बदलायच्या, आवाज तेवढाच, आणि बोर्ड मात्र पहिल्यापेक्षा जास्त जळका.

"ऑफिसात कुणी असं केलं असतं तर तू काय म्हणाला असतास?" मी विचारलं.

"म्हणालो असतो, आधी बग कुठे आहे ते आयसोलेट कर," तो म्हणाला. मग बोर्डाकडे बघत बसला. "पण तिथे लॉग असतो गं. इथे आतलं काही दिसतच नाही."

आईने चहा आणून ठेवता ठेवता विषय संपवला. "विकतच घे ना रे एकदाचं. तीन रविवार झाले, घरभर तो धूर."

तसं ते सहज झालंही असतं. पण पंधरा दिवसांवर कंपनीचा ॲन्युअल डे होता. तीन गाणी होती आणि त्यात याचा एकच सोलो. गायकाने ग्रुपवर मेसेज टाकला होता, "पेडल होत नसेल तर सोलो कट करू, नो टेन्शन." त्या 'नो टेन्शन'नेच याची झोप उडवली होती. नवं पेडल आणून सोलो वाचला असता, पण आठ महिने ऑफिसात ज्या लाल डब्याच्या गोष्टी सांगितल्या, तो डबा घरीच राहिला असता. त्याचं म्हणणं सोपं होतं. दिवसभर मी जे करतो त्यातलं काहीच माझं म्हणून दाखवता येत नाही, हे एक येतं.

काका आणि फाटलेला आवाज

त्याच्या तळमजल्यावर एक काका राहतात. स्टेशनजवळ त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सेट स्वस्त झाले, दुरुस्ती महाग वाटायला लागली, मग एके दिवशी शटर खाली. मित्राला हे लहानपणापासून माहीत होतं. फक्त काकांचा रेडिओ आणि आपलं पेडल यांचा काही संबंध असेल, असं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं तर काकांकडे जायचं त्याच्या आईने सुचवलं. धूर थांबावा, एवढाच तिचा हेतू!

काकांनी चष्मा चढवला, बोर्ड उलटासुलटा केला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे करतं काय?"

"काका, गिटारचा आवाज फाडतं."

काका आमच्याकडे बघतच राहिले. "बाळा, चाळीस वर्षं लोक माझ्याकडे हीच तक्रार घेऊन यायचे, आवाज फाटतोय म्हणून. आणि तुम्ही पैसे खर्च करून फाडून घेता?"

"हो, पण तो मोठ्याने फाटत नाहीये, ही तक्रार आहे."

हे मात्र त्यांना एकदम पटलं. "म्हणजे गेन कुठेतरी पडतोय. मग पार्ट कशाला बदलत बसलास? आवाजाच्या मागे जा की. घरात नळाला पाणी कमी आलं तर आपण सगळे पाइप बदलतो का? टाकीपासून एकेक कॉक उघडून बघतो."

मग त्यांनी जुनी युक्ती सांगितली. ट्रान्झिस्टर रेडिओ मुका होऊन आला, की व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचे. स्पीकरमधून 'घूं' आलं, म्हणजे तिथून पुढचं सगळं जिवंत, बिघाड मागे. नाही आलं, म्हणजे बिघाड पुढे. एका टेकवण्यात अर्धा रेडिओ संशयातून मुक्त! माझा मित्र हे ऐकून कपाळाला हात लावून बसला. ऑफिसात तो रोज हेच करतो, फक्त तिथे त्याला इंग्रजी नाव आहे.

तानपुरा लावा, कान लावा

पेडलसाठी या युक्तीचं जे रूप वापरतात त्याला 'ऑडिओ प्रोब' म्हणतात. नाव भारी असलं तरी वस्तू चिल्लर आहे. एका जुन्या गिटार केबलचं एक टोक कापायचं. आतल्या वायरला ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर जोडायचा आणि त्याच्या दुसऱ्या पायाला टोकदार वायर. केबलच्या बाहेरच्या जाळीला मगरीच्या तोंडाची क्लिप लावून ती पेडलच्या ग्राउंडला अडकवायची. केबलचं उरलेलं टोक ॲम्पमध्ये. झाला प्रोब तयार! डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं टोक जिथे ठेवाल तिथला आवाज ॲम्पमधून ऐकू येतो. कपॅसिटर हवाच, कारण तो बॅटरीचा स्थिर व्होल्टेज अडवतो आणि फक्त आवाज पुढे सोडतो.

आता पेडलच्या तोंडात सतत एकसारखा आवाज ओतायला हवा. एका हाताने गिटार आणि दुसऱ्याने प्रोब हे सर्कशीतलं काम. काकांनी विचारलं, "मोबाइलवर तानपुरा लागतो ना?" लागतो की! हेडफोनचं भोक असलेला एक जुना फोन शोधला, त्यावर तानपुऱ्याचं ॲप लावलं, आवाज अगदी बारीक ठेवला आणि वायर पेडलच्या इनपुटला. तानपुरा थांबत नाही आणि त्याचा जोर कमी-जास्त होत नाही. दोन जागांची तुलना करायला याहून चांगलं काय?

मग सुरू झाली यात्रा. माझं काम टॉर्च धरायचं.

थांबा, आधी बिग मफचा नकाशा डोक्यात ठेवूया. पहिला ट्रान्झिस्टर गिटारचा नाजूक सिग्नल मोठा करतो. दुसरा आणि तिसरा तो आणखी फुगवतात, आणि त्यांच्याजवळचे डायोड फुगलेल्या लाटांचे शेंडे कापतात. फझ तयार होतो तो इथे. पुढे टोनचा नॉब. या भागात ट्रान्झिस्टर नाही, फक्त रेझिस्टर आणि कपॅसिटर, त्यामुळे इथे आवाज बराच खर्ची पडतो. हा खर्च भरून काढायलाच चौथा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. मग व्हॉल्यूम नॉब आणि बाहेर.

इनपुटला टोक लावलं, तर शांत, शुद्ध तानपुरा. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर तोच तानपुरा, पण ठसठशीत. दुसऱ्यावर आवाज फाटला. तिसऱ्यावर तर असा फाटला की काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय रे, मिक्सर लावलाय का?" टोन नॉबच्या पुढे आवाज एकदम खाली आला. मित्र ओरडला, "सापडलं!" काका म्हणाले, "थांब. इथे पडणारच. पुढे जा."

पुढे चौथ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर. इथे आवाज पुन्हा उसळायला हवा होता. तो उसळला नाही, बसूनच राहिला.

खोलीत दोन सेकंद कुणी बोललं नाही. तीन वीकेंड आणि अर्धा डझन कपॅसिटर, आणि इथे दहा मिनिटांत चाळीसेक पार्टपैकी पाच-सहाच संशयित उरले होते.

उलटा लटकलेला आरोपी

आता मल्टिमीटर. काळी वायर ग्राउंडला, लाल वायर एकेका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरच्या भोकाला. पहिले तीन ४ ते ५ व्होल्टच्या दरम्यान, म्हणजे बॅटरीच्या साधारण निम्मे. असंच हवं, कारण लाटेला वर आणि खाली, दोन्हीकडे हलायला जागा लागते. चौथ्यावर मीटरने दाखवले ८ व्होल्टच्या वर. याचा अर्थ तो ट्रान्झिस्टर जवळजवळ करंटच घेत नव्हता. हजेरी लावून कँटीनमध्ये बसलेला कर्मचारी!

"हा बाकीच्यांसारखा दिसत नाही," काका भिंगातून बघत म्हणाले.

आणि इथे केस फुटली. मित्राने ऑर्डर केले होते २एन५०८८ जातीचे चार ट्रान्झिस्टर. लावताना एकाचा पाय तुटला. मग काउंटरवर विचारलं, त्याच्याऐवजी काय चालेल? उत्तर आलं, बीसी५४७ चालेल. उत्तर खोटं नव्हतं. या कामाला बीसी५४७ छान चालतो, स्वस्त आहे आणि कुठेही मिळतो. पण एक गोष्ट मित्राने विचारली नाही आणि कुणी सांगितली नाही. दोघांचे पाय उलटसुलट असतात.

दोन्ही ट्रान्झिस्टर दिसायला जुळे. काळा, अर्धगोल, तीन पाय. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. मधला तोच, कडेचे दोघे अदलाबदल. बोर्डावर छापलेल्या अर्धगोलाशी गोल जुळवून मित्राने तो बसवला आणि तो उलटा लागला.

गंमत अशी, की ट्रान्झिस्टर उलटा लावला तरी ठार बंद होत नाही. तो उलट्या दिशेनेही थोडंफार काम करतो. सरळ असताना जो करंट शेकडो पटींनी वाढवतो, तोच उलटा असताना बोटांवर मोजता येईल इतक्या पटींनी वाढवतो. शिवाय तो आधीच्या टोनच्या भागावर ओझं टाकतो, त्यामुळे येणारा सिग्नलही दबतो. म्हणूनच पेडल 'चालत' होतं. फझ आधीच्या टप्प्यांत तयार होत होता, तो शाबूत. फक्त त्याला बाहेर हाकलणारा शेवटचा गडी शीर्षासनात उभा होता.

"काढून फिरवून लावू?" मित्राने विचारलं.

"नवा लाव," काका म्हणाले. "याने बेस-एमिटरवर उलटा दाब सोसलाय. तसे ट्रान्झिस्टर पुढे कमजोर निघतात. दोन रुपयांसाठी पुन्हा हाच खेळ करायचाय का?"

त्यांच्या पत्र्याच्या डबीत बीसी५४७ होतेच. जुना उपटला, भोकं साफ केली, नवा सपाट बाजू फिरवून बसवला. मीटर लावला, तर चौथाही आता निम्म्याच्या आसपास. गिटार जोडली, पेडलवर पाय ठेवला आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जमिनीवर काठी आपटली. व्हॉल्यूम नॉब घड्याळाच्या दहाच्या काट्यावर असतानाच पेडल चालू आणि बंद यांचा आवाज बरोबरीला आला. पुढचा सगळा रस्सा सोलोसाठी शिल्लक!

तुमच्या पेडलचं काय?

प्रत्येक वेळी आरोपी ट्रान्झिस्टरच असेल असं नाही. पण शोधाची रीत तीच. तर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी क्रमाने हे बघा:

पेडल बंद असतानाही आवाज कमी येतो का? मग सर्किटला शिव्या देऊ नका. गडबड स्विच, जॅक किंवा केबलमध्ये आहे.

बॅटरी मोजली का? 'नवी आहे' हे उत्तर नाही. मीटरवर ९ च्या आसपास दिसलं पाहिजे.

रेझिस्टरचे रंग दिवसाच्या उजेडात बघितले का? तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम. रात्री ट्यूबलाइटखाली पिवळा आणि नारिंगी सख्खे भाऊ वाटतात आणि फरक दहा पटींचा असतो. शंका आली की मीटरने मोजा.

व्हॉल्यूमचा पॉट कितीचा आहे? १०० किलोओहमच्या जागी फारच लहान आकड्याचा पॉट लागला, तर तो सिग्नल सरळ ग्राउंडला पाजतो.

सोल्डर चमकतंय का? मळकट, गोळा झालेला जोड म्हणजे ड्राय सोल्डर. तो पुन्हा तापवा.

डायोड कोणते? साधे सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टच्या आसपास लाट कापतात. जुन्या रेडिओतले जर्मेनियम त्याहून बरेच आधी कापतात, त्यामुळे आवाज मऊ येतो आणि लहानही. एलईडी उशिरा कापतो, म्हणून आवाज मोठा.

हे सगळं ठीक असेल तर प्रोब घ्या आणि आवाजाच्या मागे चालू लागा. एका वेळी एकच गोष्ट बदला. ॲम्पचा आवाज बारीक ठेवा, नाहीतर टोक घसरलं की स्पीकर आणि कान दोन्ही दचकतील. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत: हा खेळ फक्त बॅटरीवरच्या पेडलशी. घरच्या विजेवर चालणारा ॲम्प उघडून त्यात प्रोब घालणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे जाणकारच हवा.

आवाज आहे, पण ऐकू येत नाही

केस संपली असं वाटत होतं, तेवढ्यात प्रॅक्टिस रूममधून फोन. घरी गरजणारी मिसळ बँडमध्ये पुन्हा थोडी बसली होती. पार गायब नव्हती, पण दबलेली.

मित्र पुन्हा डबा उघडायला निघाला होता. काकांनी फोनवरच थांबवलं. "एकटा वाजवतोस तेव्हा मोठा येतो ना? मग डब्यात काही नाही. बाकीच्यांच्या गर्दीत तुझी जागा कुठे आहे ते बघ."

बिग मफचा टोन नॉब मध्यावर असताना साधारण १,००० हर्ट्झच्या आसपासचे मधले सूर खाली दबतात. हा त्याचा स्वभावच आहे. त्यामुळे एकट्याने वाजवताना आवाज भरदार वाटतो. पण बँडमध्ये खालची पट्टी बेस आणि ड्रम्सने अडवलेली असते आणि वरची झांजांनी. गिटारला मोकळी जागा असते मधली, आणि नेमकी तीच पेडलने रिकामी केलेली! सात बावन्नच्या लोकलमध्ये हक्काची चौथी सीट सोडून दारात लटकण्यासारखं झालं हे. उपाय सोल्डरचा नव्हताच. ॲम्पवरचा 'मिड'चा नॉब वाढवला, 'लिंबू' थोडं जास्त पिळलं, आणि गिटार पुढे आली.

म्हणजे एकाच तक्रारीचे दोन आजार. एक डब्यातला, जो मीटरवर दिसतो. दुसरा कानातला, जो इतरांबरोबर वाजवल्याशिवाय कळत नाही. माझ्या मित्राने सांगितलं, की हे कळल्यापासून ऑफिसच्या मीटिंगमध्येही तो आवाज वाढवण्याआधी मधली जागा शोधतो. खरं-खोटं त्याचा मॅनेजर जाणे!

सोलो कट झाला नाही. ॲन्युअल डेला मिसळ वाजली, मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली आणि अकाउंट्सच्या दोघांनी 'हे कुठून घेतलं?' असं विचारलं. याने अर्थातच आठ महिन्यांची कथा सांगितली. आता तो आणि काका मिळून दुसरं पेडल करताहेत. काकांनी त्यासाठी माळ्यावरून जर्मेनियम डायोडची डबी काढली आहे. त्यांची अट एवढीच, की बोर्डावर प्रत्येक ट्रान्झिस्टरशेजारी तिन्ही पायांची नावं लिहायची.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये, गल्लीत किंवा गावच्या बाजारपेठेत असे एखादे काका असतील. दुकान बंद झालं असेल, पण कान अजून चालू असतात. अडलेलं पेडल घेऊन एका रविवारी जाऊन तर बघा. फक्त दारातच सांगून टाका, आवाज फाटतोय ही तक्रार नाही... फर्माईश आहे!